तुटत गेलेल्या रेघा

बहात्तरच्या दिवाळीनंतर एका सकाळी माझ्या मित्राचा सिग्नल पहिल्यांदा अडखळला.

मी तेव्हा श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिक विभागात होतो आणि कॉलनीतल्या दोन खोल्यांत एकटाच राहत होतो. मित्र जनावरांचा डॉक्टर. त्याचा सरकारी दवाखाना घोडेगावच्या पुढे, नगर-औरंगाबाद रस्त्यापासून थोडा आत. दोघांकडेही हौशी वायरलेसचं लायसन होतं. रोज सकाळी, त्याने दवाखाना उघडायच्या आणि मी पाळीवर जायच्या आधी, आम्ही आपापल्या घरच्या सेटवरून मोर्समध्ये बोलायचो. पितळी खटका बोटाने दाबायचा आणि सोडायचा. थोडा दाबला की ठिपका, जास्त दाबला की रेघ.

आमची ओळख नगरच्या जुन्या बाजारात झाली होती. लष्करातून भंगारात निघालेलं वायरलेसचं सामान तिथे येई आणि आम्ही दोघं एकाच ढिगाशी उकिडवे बसून व्हॉल्व्ह उचलून उजेडात धरून बघत होतो. तो माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, लग्न झालेला, अंगाने आडवा. कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या. हातांवर जनावरांच्या शिंगांचे, दाव्यांचे, दातांचे जुने वण. त्या जाड बोटांनी तो केसासारखी बारीक तार अशी अलगद जोडायचा की मी बघत राहायचो.

आमचे सेट कधी पुरे झालेच नाहीत. आज पॉवर सप्लाय बदल, उद्या गुंडाळी नव्याने गुंडाळ. उन्हाळ्यात व्हॉल्व्ह तापले की सिग्नल आपल्या जागेवरून सरकायचा. पावसाळ्यात एरियलच्या दोऱ्या ताणायच्या. त्याच्याकडे गावात विजेचा दाब इतका पडायचा की सेट नुसता लाल डोळ्याने बघत बसे. मग त्याने सेटला ट्रॅक्टरची बॅटरी जोडून घेतली. एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा आम्हाला सेट बंद ठेवायला सांगितलं. ते बंदीचे महिने आम्ही वाया घालवले नाहीत. मी सुटीच्या दिवशी त्याच्याकडे जायचो, आणि त्याच्या ओसरीवर बसून आम्ही दोन्ही सेट खोलून जवळजवळ नव्याने बांधले. पुन्हा बोलायची मुभा मिळाली तेव्हा त्याच्या सेटचा सूर हवेत आला तो एकदम गोल, स्वच्छ. खटका त्याचाच. नेहमीचा ठाम हात, आणि निरोप घेताना शेवटची रेघ जराशी लांबवायची सवय. लिहिणाऱ्याचं अक्षर ओळखू यावं तसा मोर्समध्ये हात ओळखू येतो. शंभर जणांत मी त्याचा हात ओळखला असता.

तर त्या सकाळी त्याच्या रेघा मधेच तुटत होत्या. एक रेघ जिथे हवी तिथे दोन आखूड तुकडे. मी विचारलं तेव्हा त्याने कळवलं, खटक्याचे काँटॅक्ट काळे पडले असतील, घासून घेतो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जास्त. मी म्हणालो, रिले बघ. त्याने बघितला म्हणून सांगितलं. मी म्हणालो, टेबलाखालची जोडणी हलत असेल. तीही त्याने बघितली. आता मी माझ्या बाजूने विचार करू लागलो. माझ्याच रिसीव्हरमध्ये काही आहे का? पण दुसरी स्टेशनं नीट ऐकू येत होती. वहीत लिहून घेताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती मला आवडली नाही. काँटॅक्ट खराब असेल तर रेघ तुटेल, पण दोन अक्षरांमधली जागा बदलणार नाही. त्याच्या अक्षरांमधल्या जागाच बिघडल्या होत्या. कुठे तो थांबायला नको तिथे थांबत होता, कुठे दोन अक्षरं एकमेकांवर आदळत होती. तार अशी चुकत नाही.

त्या वर्षी दुष्काळ होता. कारखान्याला ऊस नव्हता, धुराडं मधूनच धूर सोडी. घोडेगावच्या बाजारात माणसं जनावरं विकायला आणत आणि विकली न गेलेली तिथेच सोडून जात. सरकारने छावण्या काढल्या होत्या. त्यातल्या एका मोठ्या छावणीवर माझा मित्र होता, दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत. मी स्वतःला समजावलं की माणूस थकलाय. हवेत मी त्याला तसं विचारू शकत नव्हतो. लायसनचा नियम असा की घरगुती काही बोलायचं नाही. सेट, एरियल, हवामान, इतकंच. चार घरं ओलांडून असल्यासारखा तो मला रोज ऐकू येत होता आणि तुला काय होतंय हे मला विचारता येत नव्हतं.

सुटीच्या दिवशी मी सोल्डरिंगचं सामान पिशवीत घालून एसटीने गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रानं उघडी पडलेली. छावणी दिसायच्या आधी तिचा वास आला.

मित्र छावणीवर होता. वहिनींनी चहा केला आणि म्हणाल्या, बरं झालं भाऊजी आलात, तो सेट त्यांना झोपू देत नाही, पहाटेपासून नुसतं घासत बसतात. मी सेट उघडला. खटका काढून बघितला. काँटॅक्ट आरशासारखे चकचकीत होते, घासून घासून झिजलेले. रिले ठीक. जोडण्या ठीक. बॅटरी भरलेली. मग मी एरियल काढून ठेवलं, सेट चालू केला आणि माझ्या हाताने खटका दाबला. स्पीकरमधून सूर आला तो अखंड. मी लांब रेघ दिली, छोटे ठिपके दिले, भरभर दिले, हळू दिले. कुठेही तुटलं नाही.

मी मान वर केली तर तो दारात उभा होता. छावणीवरून आलेला, पायांवर धूळ. किती वेळ ऐकत होता कोण जाणे.

"सेट ठीक आहे ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.

"मला माहीत होतं," तो म्हणाला, आणि मला बाहेर चल म्हणाला.

छावणीच्या कडेला एका बाभळीखाली उभं राहून त्याने मला सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी शेवगावकडचा एक शेतकरी गाय घेऊन आला होता. म्हणाला, "डाक्टर, घशात कायतरी अडाकलंय तिच्या. लाळ गळती, पानी पीत न्हाई." अशा गायी रोज यायच्या, वाळका कडबा घशात अडकलेल्या. मित्राने नेहमीसारखा उजवा हात कोपरापर्यंत तिच्या तोंडात घातला. घशात काही नव्हतं. हात बाहेर काढला तेव्हा बोटांवर दातांचे दोन ओरखडे होते. ते नवे होते की आधीच्याच जखमा उघडल्या, हे त्याला सांगता येत नव्हतं. संध्याकाळी ती गाय घोगऱ्या आवाजात ओरडू लागली. दुसऱ्या दिवशी तिचे मागचे पाय गेले आणि तिसऱ्या दिवशी ती मेली.

"पिसाळलेली होती," मी म्हणालो.

"असावी. डोकं कापून तपासायला पाठवलंय."

त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन त्याने सगळ्यांना नगरच्या दवाखान्यात पोटातली इंजेक्शनं घ्यायला पाठवलं होतं. बायको, सून, पोरं, सगळी गेली. एक म्हातारा तेवढा अडून बसला. गाय आजारी पडली त्या दिवशी त्यानेच तिला हाताने भाकरी चारली होती, पण मी न्हाई येत म्हणाला. मित्राने स्वतःही इंजेक्शनं घेतली. घरी सांगितलं की छावणीच्या कामाला नगरला जावं लागतं. इंजेक्शनं संपत आली आणि उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग बोटं हुकमात राहीनात. दाबायला गेलं की उशिरा दाबायची, सोडायला गेलं की आपोआप सुटायची.

"रोग असाच सुरू होतो," तो म्हणाला. "चावलेल्या जागी आधी मुंग्या. मी कॉलेजात शिकलोय आणि गुरांत बघितलंय. इंजेक्शनांनीही कधी कधी हातपाय लुळे पडतात, पण ते फार थोड्यांना. माझं कुठलं आहे ते आत्ता कुणालाच कळणार नाही. आणखी काही दिवस गेले की कळेल."

त्याच्या आवाजात घाबरल्याची खूण नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. एखाद्या शेतकऱ्याला त्याच्या बैलाबद्दल सांगावं तसं तो सांगत होता. समोर शेकडो जनावरं खाली माना घालून उभी होती. त्यातली कुठली त्या गायीजवळ बांधलेली होती, कुणी कुणाची लाळ चाटली, हे तो रोज सकाळी जाऊन बघायचा. त्याने मला एकच गोष्ट मागितली. सकाळचं बोलणं चुकवू नकोस. आणि घरात सांगू नकोस.

वहिनी मला एसटीपर्यंत सोडायला आल्या. कधी येत नसत. वाटेत बाजाराच्या, पावसाच्या गोष्टी केल्या आणि फाट्यावर आल्यावर सरळ विचारलं, "भाऊजी, सेटमध्ये काय बिघडलं होतं?"

मी रिले म्हणू शकलो असतो. त्यांनी विश्वास ठेवला असता. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला ते जमलं नाही.

"सेटमध्ये काही बिघडलेलं नाही, वहिनी."

एसटी आली, मी चढलो. खिडकीतून बघितलं तर त्या अजून तिथेच उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. नंतर मला कळलं की त्या रात्री त्यांनी नवऱ्याला समोर बसवून सगळं वदवून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाल्या की आता मला न सांगता पाणीसुद्धा प्यायचं नाही.

कारण त्या रोगात पाणी हीच खूण असते. माणसाला पाणी गिळता येत नाही. पाणी नुसतं दिसलं तरी घसा आवळतो. आमच्या सकाळच्या बोलण्यात हवामान सांगायला परवानगी होती, आणि दुष्काळात पाण्याची बातमी म्हणजे हवामानच. दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यात शेवटी कळवू लागला, पाणी ठीक. ऐकणाऱ्या तिसऱ्या कुणाला वाटावं, गावच्या विहिरीला अजून पाणी आहे. मला कळायचं, आज सकाळचा पेला त्याच्या घशाखाली उतरला.

ते ऐकल्याशिवाय मी डबा भरत नसे. ठरल्या वेळेच्या बराच आधी सेट तापवून बसायचो. कानात नुसती खरखर. मग कुठून तरी त्याचा मोडका हात यायचा. आता त्याची अक्षरं ओळखायला अंदाज लागायचा. त्याने डाव्या हातानेही पाठवून बघितलं, पण तो हात कधी शिकलेलाच नव्हता. मी सारखं पुन्हा पाठवायला सांगत नसे. चुकलेलं अक्षर मनातच दुरुस्त करून पुढे जात असे. एकदा पाणी हा शब्द चारदा पाठवूनही त्याला जमला नाही. मग काही काळ नुसती खरखर आली. मी खटक्यावर हात ठेवून तसाच बसलो. शेवटी त्याने एक लांब रेघ दिली, नुसतीच, आणि मी ती होकार म्हणून धरली.

मग एक सकाळ आली आणि तो आलाच नाही.

मी त्याला बोलावलं. पुन्हा बोलावलं. दूर कुठे दुसरी दोन स्टेशनं आपसात बोलत होती, त्यांचं काम संपलं, तीही गेली. कारखान्याचा भोंगा झाला. मी तसाच उठलो, पाळीवर निरोप धाडला आणि एसटी पकडली. नेवाशाला गाडी बदलल्यावर माझ्या शेजारी पाण्याची कळशी घेऊन एक बाई बसली होती. गाडी हलली की पाणी डुचमळायचं आणि मला ते बघवत नव्हतं.

घराला कुलूप होतं. दवाखान्यातल्या शिपायाने सांगितलं, "सायबांचे पाय गेले. सकाळी उठाया गेले अन् खाली बसले. बाईंनी जीप आनली, पुन्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या." पाय गेले. त्या गायीचेही आधी मागचे पाय गेले होते. मी शिपायाला विचारलं, साहेब पाणी पीत होते का? त्याला माझा प्रश्न विचित्र वाटला असावा. म्हणाला, मी काय बघितलं न्हाई.

पुण्याला पोचेपर्यंत अंधार पडला. दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. त्यांच्याजवळ तांब्या होता, रिकामा. मी त्या तांब्याकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"प्यायलेत," त्या म्हणाल्या. "सगळं प्यायलेत. मी डोळ्यांनी बघितलं."

डॉक्टरांनी दोन दिवस काही सांगितलं नाही. पाठीतून पाणी काढून तपासलं. पाय लुळे, उजवा हात लुळा, चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी. पण शुद्ध पूर्ण, आणि घसा मोकळा. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना बोलावून सांगितलं की हा रोग नाही, इंजेक्शनांची बाधा आहे. यातून माणूस बरा होतो. पुरता होईल असं नाही. वहिनींनी ते दोनदा विचारून घेतलं. मग तोंड धुवायला गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत.

मित्राला मी सांगितलं तेव्हा तो छताकडे बघत होता. म्हणाला, गायीच्या डोक्याचं काय आलं ते विचारून ये. डोकं जिथे पाठवलं होतं त्या प्रयोगशाळेत मी गेलो. तिथल्या माणसाने आठवून सांगितलं, डब्यातला बर्फ वाटेत वितळला होता, नमुना कुजून आला, तपासता आला नाही. म्हणजे गाय खरंच पिसाळलेली होती की नाही हे कधीच कळणार नव्हतं. इंजेक्शनांनी त्याचा जीव वाचवला, की काही कारण नसताना त्याचे हातपाय घेतले, यातलं काय झालं ते आता कुणालाही सांगता येत नव्हतं. मी परत येऊन त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "मी पुन्हा घेतलीच असती." आणि थोड्या वेळाने विचारलं, त्या म्हाताऱ्याची काही खबर?

म्हातारा ठीक होता. उन्हाळाभर ठीक राहिला. मी बाजारच्या दिवशी घोडेगावात त्यांच्या गावच्या माणसांना गाठून विचारायचो. पण हा रोग काही महिने, कधी वर्षभरसुद्धा अंगात गप्प राहतो, असं मित्राने मला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ठीक आहे या उत्तराने आमचं कुणाचंच समाधान होत नसे.

मित्र पावसाळ्याच्या तोंडाशी घरी आला. काठीने चालायचा. उजव्या हाताची मूठ वळायची, पण बोटं सुटी हलत नसत. त्याला छावणीवर नेऊन बसवलं की जनावरं लांबून बघून औषध सांगायचा आणि हाताखालची माणसं ते पाजायची. सेटवर मात्र तो बसेना. टेबलावर फडकं टाकून ठेवलं होतं.

मी त्याच्यासाठी नवं काहीतरी करायचं ठरवलं. एका परदेशी मासिकात मी एक सर्किट बघितलं होतं. ट्रान्झिस्टरवर चालणारं, खटक्याऐवजी एक पातळ पट्टी. ती एका बाजूला नुसती ढकलली की सर्किट आपोआप ठिपके काढतं, दुसऱ्या बाजूला ढकलली की रेघा. लांबी, जागा, सगळं तंतोतंत. माणसाने फक्त बाजू निवडायची. लुळ्या मुठीनेही जमावं असं. मी ते कॉलनीतल्या खोलीत बांधलं, चार वेळा मोडलं, आणि एका सुटीला त्याच्या टेबलावरचं फडकं काढून सेटला जोडलं.

त्याने मूठ पट्टीवर टेकवली. ठिपके आले, रेघा आल्या. सरळ, एकसारख्या, छापल्यासारख्या. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या हसल्या, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून आमचं सकाळचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

पण मला ते ऐकवेना. अक्षरं बिनचूक यायची आणि मी सारखा तपासत राहायचो की हा तोच आहे ना. त्या सुरात तो बरा आहे की थकलाय, बसलाय की पडून आहे, काहीच ऐकू येत नव्हतं. आणि रोग अंगात गप्प राहू शकतो ते वर्ष अजून सरायचं होतं. पूर्वी मी हातावरून ओळखत होतो की काहीतरी बिघडतंय. आता बिघडलं असतं तरी पट्टीने ते लपवलं असतं.

त्यालाही ते आवडत नसावं. एकदा दक्षिणेकडच्या कुणा अनोळखी हौशी माणसाशी त्याचं बोलणं झालं, आणि त्या माणसाने निरोप घेताना कळवलं, तुमचा हात फार सुंदर आहे. आमच्या जगात ही मोठी दाद. पुढच्या सुटीला मी गेलो तेव्हा त्याने मला ते सांगितलं आणि पट्टी सोडवून घे म्हणाला. स्क्रू त्याला उघडता येत नव्हते. मी ते उघडले. जुना पितळी खटका कपाटातून वहिनींनी आणून दिला. मी तो टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवला, तर त्याने काठीने ढकलून डावीकडे घेतला.

"हळू पाठवीन," तो म्हणाला. "तू लिहून घेशील ना?"

मी घेईन म्हणालो. त्याने डाव्या हाताचं बोट खटक्यावर ठेवलं आणि पहिलंच अक्षर चुकवलं.